डॉ. थिओडोर हर्झल आणि त्यांची रोजनिशी

देवस्थानच्या स्मरणिकेत व्हिएन्नाच्या एका ज्यू पत्रकाराचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही महाजन बंधूंच्या मनात येणे स्वाभाविक आहे. संपादक मंडळाने विषयाचे बंधन घातले नाही, हे एक कारण. दुसरे असे की, सोळाव्या शतकात आपल्या पूर्वजांनी मूर्ती उचलून नदीपलीकडे नेल्या त्याच काळात, १५६० साली गोव्यात स्थापन झालेल्या इन्क्विझिशनची पहिली झळ लागली ती पोर्तुगालहून आलेल्या नवख्रिस्ती लोकांना, म्हणजेच सक्तीने बाटवलेल्या ज्यूंना. गोव्यातल्या वनस्पतींवर १५६३ साली ग्रंथ छापणारे वैद्य गार्सिया द ओर्ता त्यांच्यापैकीच. मरणानंतर बारा वर्षांनी, १५८० साली त्यांच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. बाहेर एक धर्म आणि माजघरात दुसरा, हे दुःख आपल्या भूमीने अशा तऱ्हेने जवळून पाहिलेले आहे. त्या समाजाने चारशे वर्षांनंतर एक राष्ट्रीय चळवळ उभी केली आणि तिचा संस्थापक मात्र आपण नेमके कोण, या प्रश्नाशी अखेरपर्यंत झगडत राहिला. जाहीर भाषणांतून हा झगडा दिसत नाही. तो दिसतो त्यांच्या खासगी रोजनिशीत. लिसेंवात मिळालेल्या फ्रेंचच्या शिदोरीवर मी ड्रायफस प्रकरणाविषयी वाचू लागलो, त्यातून या रोजनिशीपर्यंत पोहोचलो आणि निवृत्तीनंतरचे कित्येक महिने तिच्यातच गेले.

थिओडोर हर्झल यांचा जन्म २ मे १८६० रोजी हंगेरीतील पेस्ट या शहरी झाला. त्या शहराचा बुडाशी संयोग होऊन बुडापेस्ट हे नाव पुढे १८७३ साली पडले. जन्मघर मोठ्या सिनेगॉगला लागूनच होते. वडील याकोब व्यापारी, आई जानेट जर्मन साहित्याची भक्त. मुलाची नावे तीन होती: जर्मन थिओडोर, हंगेरियन तिवादार आणि हिब्रू बिन्यामिन झेएव. यांपैकी घरात वापरात होते ते जर्मन नाव. तेराव्या वर्षी ज्यू मुलाचा जो संस्कार होतो, त्याच्या निमंत्रणपत्रिकेवर घरच्यांनी ज्यू संज्ञा न घालता ख्रिस्ती शेजाऱ्यांना ओळखीचा वाटेल असा शब्द घातला होता. पुढे शिक्षण झाले तेही प्रॉटेस्टंट पंथाच्या शाळेत. पोराच्या मनातला वीरपुरुष मोझेस नव्हता. सुएझ कालवा खोदणारे द लेसेप्स हे त्याचे दैवत आणि पनामाचा कालवा आपण खोदावा, ही त्याची महत्त्वाकांक्षा.

१८७८ साली थोरली बहीण पाउलिना विषमज्वराने गेली. त्या दुःखात कुटुंबाने शहर सोडले आणि व्हिएन्नाला बिऱ्हाड केले. तेथे हर्झल कायद्याच्या अभ्यासाला लागले आणि १८८१ साली आल्बिया नावाच्या विद्यार्थिमंडळात दाखल झाले. ही मंडळी जर्मन राष्ट्रवादाची पुरस्कर्ती. रंगीत टोप्या घालावयाच्या, तलवारीचे द्वंद्व खेळावयाचे, बियर प्यावयाची आणि जर्मन गीते गावयाची, असा त्यांचा शिरस्ता. प्रत्येक सभासदाने एक टोपणनाव घ्यावयाचे असे. हर्झल यांनी घेतलेले नाव टॅन्क्रेड, म्हणजे येरुशलेमवर चालून गेलेल्या एका ख्रिस्ती धर्मयोद्ध्याचे. १८८३ साली संगीतकार वाग्नर यांच्या निधनानिमित्त भरलेल्या सभेत ज्यूंविरुद्ध भाषण झाले आणि मंडळाने त्याला साथ दिली, तेव्हा हर्झल यांनी राजीनामा पाठविला. मंडळाने तो सन्मानाने स्वीकारला नाही. नाव काढून टाकले आणि टोपी-फीत परत मागविली. त्याच्या आदल्याच वर्षी ड्यूहरिंग या जर्मन विद्वानाचे ज्यूंची निंदा करणारे पुस्तक वाचून त्या तरुणाने आपल्या खासगी वहीत संताप उतरवून ठेवला होता. तथापि वहीतला संताप वहीतच राहिला. हा त्यांचा पहिला धडा असे मी समजतो. बाहेर टोपी आणि तलवार, वहीत जखम.

१८८४ साली ते कायद्याचे डॉक्टर झाले. व्हिएन्ना आणि साल्झबर्ग येथील न्यायालयांत वर्षभर उमेदवारी करून ती त्यांनी सोडली. पुढे नाटके लिहिली आणि वृत्तपत्रांतून ललित निबंध लिहिले. निबंधांनी नाव मिळाले, नाटकांनी फारसे नाही. १८८९ साली युलिया नाशाउअर या धनिक घराण्यातील मुलीशी विवाह झाला, तो सुखाचा झाला नाही. पाउलिना, हान्स आणि ट्रूडे ही तीन अपत्ये. मुलगा हान्स १८९१ साली जन्मला, तेव्हा ज्यू घरात आठव्या दिवशी होणारा सुंतेचा संस्कार हर्झल यांनी केला नाही. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी.

त्याच वर्षी व्हिएन्नाच्या नोये फ्राये प्रेसे या वजनदार दैनिकाने त्यांना पॅरिसचे वार्ताहर नेमले. बालपणीचे दैवत असलेल्या द लेसेप्स यांची पनामा कंपनी बुडून जो गाजावाजा झाला, त्याचे वार्तांकन या भक्ताच्याच नशिबी आले. त्या प्रकरणात काही ज्यू दलालांची नावे निघताच फ्रान्समध्ये सगळ्या ज्यूंच्या नावाने शंख सुरू झाला. यावर उपाय काय, याचा हर्झल विचार करू लागले आणि १८९३ च्या सुमारास त्यांना सुचलेला उपाय ऐकून आज कोणीही थक्क होईल. ऑस्ट्रियातील ज्यूंच्या मुलांनी भर दुपारी, रविवारी, घंटानादात, मिरवणुकीने व्हिएन्नाच्या संत स्टेफनच्या कॅथेड्रलमध्ये जाऊन बाप्तिस्मा घ्यावा. वडीलधाऱ्यांनी मुलांना दारापर्यंत पोहोचवावे आणि स्वतः मात्र बाहेरच, ज्यू म्हणूनच उभे राहावे. हे स्वप्न त्यांनी स्वतःच रोजनिशीच्या आरंभी प्रांजळपणे नोंदवले आहे. ज्याने दोन वर्षांनी ज्यूंचे स्वतंत्र राष्ट्र मागितले, त्यानेच ते आधी विरघळवून टाकण्याचा बेत रचला होता! मला यात विसंगती दिसत नाही. घरात कोंकणी, देवळात मराठी आणि शाळेत पोर्तुगीज अशा तीन उंबऱ्यांवरून ज्यांचे बालपण गेले, त्यांना दाराबाहेर उभे राहिलेल्या त्या बापांची स्थिती समजावून सांगावी लागू नये.

कॅप्टन ड्रायफस यांच्यावर १८९४ च्या डिसेंबरात लष्करी खटला झाला आणि ५ जानेवारी १८९५ रोजी पॅरिसच्या लष्करी विद्यालयाच्या पटांगणात त्यांच्या गणवेशावरील चिन्हे ओरबाडून तलवार मोडण्यात आली. हर्झल तेथे वार्ताहर म्हणून हजर होते. या प्रसंगाने आपल्याला बदलले, असे त्यांनी पुढे १८९९ साली लिहिले आणि तीच कथा सर्वत्र सांगितली जाते. परंतु १८९५ ची रोजनिशी उघडली तर ड्रायफसचा उल्लेख फार क्वचित सापडतो. कचेरीत आयुष्य घालवल्यामुळे मला एवढे ठाऊक आहे की, मागाहून लिहिलेल्या अहवालापेक्षा त्या दिवशीच्या नोंदीवर अधिक विसंबावे. त्या दिवसांच्या नोंदींत वारंवार येते ती व्हिएन्नाची बातमी. तेथे कार्ल ल्यूगर यांचा ज्यूविरोधी पक्ष नगरपालिका जिंकत चालला होता. त्याच वर्षी सप्टेंबरात, मतदानाच्या ठिकाणी ल्यूगर आले असता, हर्झल यांच्या शेजारी उभ्या असलेल्या एका साध्या माणसाने, हा आमचा पुढारी, असे अत्यंत मायेने म्हटले. शिव्यागाळी ऐकून जे वाटले नव्हते ते त्या मायेच्या स्वराने वाटले, असा त्या नोंदीचा आशय आहे.

रोजनिशी सुरू झाली ती १८९५ च्या मे-जूनच्या संधीला, पॅरिसच्या कांबों रस्त्यावरील हॉटेल कास्तीयमध्ये. २ जून रोजी हर्झल धनाढ्य बॅरन हिर्श यांना भेटले. भेट फसली. परंतु त्यानंतरचे काही आठवडे या गृहस्थाच्या अंगात वारे शिरल्यासारखे झाले होते. चालताना, उभ्याने, जेवणाच्या मेजावर, रस्त्यात, मध्यरात्री उठून, मिळेल त्या कागदावर ते लिहीत सुटले. प्रवास कसा करावयाचा, बँक कशी काढावयाची, कामाचे तास सात, निशाणावर त्या सात तासांचे सात सोनेरी तारे, येथपर्यंत सर्व. व्हेनिसच्या धर्तीवर राज्याचा दोजे निवडावा आणि पुढेमागे आपला हान्स दोजे व्हावा, तर आपण त्याला जाहीररीत्या कसे संबोधू, याचाही विचार झाला. द्वंद्वयुद्धाची प्रथा ठेवावी काय, हाही प्रश्न त्यांनी सोडला नाही. टॅन्क्रेड अजून मेला नव्हता! पुढे जुलैच्या आरंभी तर त्यांनी लिहून ठेवले की, आपल्याला दुसरे काही होता आले असते, तर जुन्या प्रशियन सरदार घराण्यातले व्हावयास आवडले असते. संध्याकाळी विरंगुळा म्हणून ते वाग्नरचे टॅनहॉयझर ऐकावयास जात. ज्याच्या स्मृतिसभेपायी त्यांना मंडळ सोडावे लागले होते तोच हा वाग्नर. ज्या रात्री ऑपेरा नसे, त्याच रात्री त्यांना आपल्या कल्पनेविषयी शंका येई, असे त्यांनी म्हटले आहे.

मजकूर तयार होताच त्यांनी तो एका मित्राला वाचून दाखविला. ऐकता ऐकता मित्र रडू लागला. हर्झल यांना वाटले, राष्ट्राच्या दुःखाने त्याचे मन भरून आले. वस्तुतः तो रडला होता तो मित्राला वेड लागले म्हणून. त्याने डॉक्टर माक्स नोर्डाउ यांना प्रकृती दाखविण्याचा सल्ला दिला. यानंतर त्या मित्राला तारांच्या खर्चाची बेरीज जमेना. हर्झल यांनी ती चटकन् बरोबर केली आणि आपले डोके ठिकाणावर असल्याची स्वतःची खात्री करून घेतली. ज्याने तीसेक वर्षे हिशेबाच्या वह्यांत बेरजा ताडून पाहिल्या, अशा कारकुनाला ही हकीगत विशेष आवडावी, यात नवल नाही. नोर्डाउ यांनी त्यांना वेडे ठरविले नाही. उलट ते त्यांचे पहिल्या दर्जाचे सहकारी बनले.

त्या आठवड्यांतले सुटे कागद पुढे १८९६ साली वहीत नीट उतरविले ते वृद्ध वडिलांनी. आपले पिताजी हे केवळ अक्षरे उतरवीत नसून विचारही आपलेसे करीत आहेत, अशा अर्थाची कृतज्ञ नोंद हर्झल यांनी तेथे केली आहे.

परंतु त्याच कागदांत एक नोंद अशीही आहे की जिच्यामुळे पुढच्या पिढ्यांनी बरीच शाई खर्च केली. तारीख १२ जून १८९५. देश कोणता हे अजून ठरले नव्हते, अर्जेंटिनाचाही विचार चालू होता. जो देश मिळेल तेथील जमिनी हळूच खरेदी कराव्यात, तेथल्या निर्धन रहिवाशांना आपल्याकडे काम न देता शेजारच्या देशांत कामधंदा मिळवून देऊन सरहद्दीपलीकडे न्यावे आणि हे काम गुपचूप, सावधपणे व्हावे, असा त्या नोंदीचा मतलब. छापील पुस्तकात यातले काही आले नाही. पुढे १८९९ साली येरुशलेमचे माजी नगराध्यक्ष युसुफ झिया अल-खालिदी यांनी फ्रान्सच्या प्रमुख रब्बींमार्फत एक अत्यंत सभ्य पत्र धाडले. ज्यूंची आकांक्षा तत्त्वतः न्याय्य आहे, परंतु पॅलेस्टाइन रिकामे नाही, तेथे माणसे राहतात, तेव्हा देवासाठी पॅलेस्टाइनला सोडा, असा त्यांचा आग्रह होता. १९ मार्च रोजी हर्झल यांनी उत्तर दिले की, त्या लोकांना घालवून देण्याचा विचार कोण करील, उलट ज्यूंच्या आगमनाने त्यांची भरभराटच होईल. पत्र आणि १८९५ चा तो कागद शेजारी ठेवून वाचले की मन खिन्न होते. चरित्रनायकाविषयी मला आदर आहे, परंतु हा भाग झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही. ज्यांच्या देवळांच्या जागा एकदा गेल्या आहेत, त्यांनी तरी तो झाकू नये.

१८९६ च्या फेब्रुवारीत व्हिएन्नात त्यांची ‘डेर युडेनस्टाट’ ही पुस्तिका प्रसिद्ध झाली. ज्यूंचा प्रश्न धर्माचा नाही, समाजाचाही नाही, तो राष्ट्राचा आहे आणि तो राजकीय मार्गानेच सुटेल, हे तिचे सार. भाषेविषयी मात्र ते गोंधळलेलेच होते. हिब्रूत रेल्वेचे तिकीट मागता येईल असा आपल्यात कोण आहे, असे त्यांनी विचारले आणि स्वित्झर्लंडप्रमाणे अनेक भाषा नांदतील, असे गृहीत धरले. आपल्याकडील भाषावादात उडी घेणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे. मी त्यात पडत नाही.

पुस्तिका छापून येण्याच्या दोन महिने आधीची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. २४ डिसेंबर १८९५ ची संध्याकाळ. व्हिएन्नाचे प्रमुख रब्बी म्हणजे धर्मगुरू ग्यूडेमान हे हर्झल यांच्या घरी भेटीला आले. त्या वेळी ज्यू राष्ट्राचा हा भावी जनक मुलांसाठी नाताळच्या झाडावरचे दिवे लावीत होता. रब्बी मनातून कष्टी झाले. हर्झल यांनी वहीत लिहिले की, आपण कोणाच्या दडपणाला बळी पडणार नाही, वाटल्यास या झाडाला हानुक्का या ज्यू सणाचे झाड म्हणावे. आपल्या गावांत नाताळात शेजाऱ्यांच्या घरून दोदोल येतो आणि चवथीला आपल्याकडून नेवऱ्या जातात. त्या देवाणघेवाणीत कोणाची जात जात नाही. तेव्हा झाडाचे मला काही वाटत नाही. वाटते ते असे की, ही गोष्ट त्यांना लपवता आली असती. अनुयायांच्या हाती पडेल अशा वहीत ती त्यांनी स्वहस्ते लिहून ठेवली.

पूर्व युरोपातील दरिद्री ज्यूंना मात्र या विद्याविभूषित, उंच, काळ्याभोर दाढीच्या पुरुषात प्रेषित दिसू लागला. १८९६ च्या जूनमध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या प्रवासात सोफिया स्टेशनावर झुंबड उडाली, लोक हातांचे चुंबन घेऊ लागले. तेथल्या सिनेगॉगमध्ये त्यांना वेदीपाशी उभे केले. आता लोकांकडे तोंड करावे तर धर्मग्रंथाच्या पवित्र पेटीकडे पाठ होते. काय करावे हे त्यांना सुचेना. तेव्हा गर्दीतून कोणीतरी ओरडले की आपण खुशाल पाठ करा, आपण त्या ग्रंथाहूनही पवित्र आहात. रोजनिशीत हा प्रसंग आहे, परंतु त्यात फुशारकी नाही, अवघडलेपण आहे. गाभाऱ्यात कसे उभे राहावे हे ज्याला घरी कोणी शिकविले नाही, त्याला गाभाऱ्यातच नेऊन बसविले, तर त्याची जी अवस्था होईल, तीच त्यांची झाली.

स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरी २९ ते ३१ ऑगस्ट १८९७ या तीन दिवशी पहिली झायनिस्ट काँग्रेस भरली. सुमारे दोनशे प्रतिनिधी आले. उद्घाटनाला सर्वांनी काळा टेलकोट आणि पांढरा टाय घालूनच यावे, असा हर्झल यांचा कटाक्ष. नोर्डाउ साध्या कोटात आले, तर त्यांना परत पाठवून कपडे बदलावयास लावले. अधिवेशनाआधीच्या शनिवारी, अनुयायांचे मन राखण्यासाठी, ते तेथल्या सिनेगॉगमध्ये गेले आणि धर्मग्रंथाच्या वाचनाच्या वेळी त्यांना पुढे बोलाविण्यात आले. तेथे जो हिब्रू आशीर्वादमंत्र म्हणावयाचा, त्यात थोडेसेच शब्द. काँग्रेसमधील आपल्या साऱ्या भाषणांपेक्षा त्या थोड्या शब्दांनीच आपल्याला अधिक घाम फोडला, असे त्यांनी लिहिले आहे. मुंज झाल्यावर संध्या विसरलेल्या आणि एकाएकी उत्सवाचे यजमानपद अंगावर आलेल्या गृहस्थांना या वाक्याचा अर्थ चांगला कळेल.

३ सप्टेंबर रोजी व्हिएन्नाला परतल्यावर त्यांनी ती प्रसिद्ध नोंद केली. बाझेल येथे आपण ज्यूंचे राष्ट्र स्थापन केले, हे मोठ्याने म्हटले तर जग हसेल, परंतु पाच वर्षांनी कदाचित आणि पन्नास वर्षांनी निश्चित सर्वांना ते पटेल, असा तिचा आशय. संयुक्त राष्ट्रांनी पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव २९ नोव्हेंबर १९४७ रोजी केला आणि १४ मे १९४८ रोजी इस्राएलची घोषणा झाली. हिशेब पन्नास वर्षांचाच होता.

या सर्व काळात त्यांची नोकरी चालूच होती, हे बहुतेक चरित्रकार घाईघाईने सांगून जातात. पॅरिसहून परतल्यावर ते त्याच दैनिकाचे साहित्य-संपादक झाले. दैनिकाचे मालक बाखर आणि बेनेडिक्ट हे दोघेही ज्यू, परंतु आपले पत्र जर्मन उदारमतवादी म्हणून ओळखले जावे, यासाठी झायनिझम हा शब्दही पानांत येऊ नये, असा त्यांचा दंडक. सुलतानांच्या राजधानीला जावयाचे, जर्मन कैसरांची भेट घ्यावयाची, तरी आधी रजा मंजूर करून घ्यावयाची! परत आल्यावर पुन्हा त्याच खोलीत दुसऱ्यांच्या कवितांची मुद्रिते तपासावयाची. नोकरी जाईल ही धास्ती रोजनिशीत पानोपानी आहे, कारण स्वतःचा आणि पत्नीचा पैसा चळवळीत आणि ‘डी वेल्ट’ या साप्ताहिकात ओतला जात होता. रजेच्या अर्जावर साहेबाची सही होईपर्यंत जीव टांगणीला लागणे म्हणजे काय, हे मी जाणतो. राष्ट्राच्या जनकालाही ते चुकले नाही.

राजदरबारच्या खेपा मी थोडक्यात सांगतो, कारण त्यांतून तत्काळ निष्पन्न असे काही झाले नाही. १८९८ च्या अखेरीस कैसर विल्हेल्म यांची कॉन्स्टँटिनोपल आणि येरुशलेम येथे भेट झाली. १९०१ च्या मे महिन्यात सुलतान अब्दुल हमीद यांनी दर्शन दिले. दोघांनीही गोड बोलून वाटेला लावले. येरुशलेमला हर्झल पोहोचले ते तापाने फणफणलेले. गाडीला उशीर झाल्याने शब्बाथ लागला होता, त्यामुळे वाहनात बसणे निषिद्ध. त्यांना स्वतःला त्याचे काही वाटत नव्हते, परंतु सोबत्यांचे चेहरे पाहून ते काठी टेकीत पायीच मुक्कामी गेले. दुसऱ्या कोणा पुढाऱ्याने याचे रूपांतर भक्तिकथेत केले असते. यांनी तक्रार म्हणूनच लिहिले आहे. प्राचीन मंदिराच्या पश्चिम भिंतीपाशीही त्यांच्या मनात अपेक्षित भाव उमटला नाही, कारण भिकाऱ्यांचा गराडा.

१९०३ च्या मे महिन्यातील एका नोंदीने मात्र मी खुर्चीत सरसावून बसलो. त्या महिन्यात त्यांनी व्हिएन्नातील पोर्तुगीज राजदूत कोंद द पाराती यांच्याकडे मोझांबिकच्या भूमीसाठी शब्द टाकला होता. पोर्तुगालची तिजोरी तेव्हा रिकामी होती. ती भूमी सनदेने मिळवावी आणि पुढे इंग्रजांशी अदलाबदलीत तिचा उपयोग करावा, असा बेत. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याहून चाले आणि त्यानंतरही आपली माणसे तेथे नोकरी-व्यापारासाठी जात राहिली. तो बेत फळता, तर गोवेकर आणि ज्यू यांचे शेजार इन्क्विझिशननंतर दुसऱ्यांदा, आणि ते आफ्रिकेत जमले असते!

त्याच वर्षी एप्रिलमध्ये रशियातील किशिनेव्ह येथे ज्यूंची कत्तल झाली, ४९ जीव गेले. ज्यांच्या राजवटीत हे घडले त्या मंत्री प्लेव्हे यांनाही हर्झल जाऊन भेटले, म्हणून स्वकीयांनी दोष दिला. इंग्रज सरकारने पूर्व आफ्रिकेत भूमी देऊ केली. तिला युगांडा योजना म्हणतात, परंतु ती जागा पुढे केनियात मोडली. ऑगस्टमधील सहाव्या काँग्रेसमध्ये तेथे पाहणी-मंडळ पाठविण्याचा ठराव २९५ विरुद्ध १७८ मतांनी संमत झाला. विरोध केला तो मुख्यत्वे रशियातील प्रतिनिधींनी, ज्यांच्यावर संकट होते त्यांनीच! ते सभागृहाबाहेर जाऊन जमिनीवर बसून मृताचा शोक करावा तसे रडले. हर्झल यांना हे प्रथम उमगेना. ज्याच्या गळ्याला फास लागला आहे, तो दोर कापणाऱ्याला, हा चाकू येरुशलेमचा नाही, असे का सांगतो? तर्काने त्यांचे बरोबर होते. परंतु कुलदेवता ही सोयीच्या जागी बदलून घेता येत नाही, हे त्या दरिद्री रशियन ज्यूंना जन्मतःच ठाऊक होते आणि व्हिएन्नाच्या डॉक्टरांना ते त्या दिवशी कळले. अधिवेशन संपविताना त्यांनी उजवा हात उंचावून येरुशलेमला कधी न विसरण्याची जुनी शपथ हिब्रू भाषेत घेतली.

२५ जानेवारी १९०४ रोजी पोप दहावे पायस यांची भेट झाली. हाताचे चुंबन घ्यावयाचे की नाही, हा प्रश्न होता. हर्झल यांनी ते घेतले नाही. पोप महाशयांनी स्पष्ट सांगितले की, ज्यूंनी आमच्या प्रभूला मानले नाही, म्हणून आम्हीही त्यांना पाठिंबा देऊ शकत नाही. अकरा वर्षांपूर्वी ज्याने साऱ्या पिढीला कॅथेड्रलच्या दारापर्यंत नेण्याचे चित्र रंगविले होते, तोच हा गृहस्थ, हे वाचकांच्या लक्षात येईलच.

हृदय आधीच क्षीण झाले होते. मे १९०४ नंतर रोजनिशीत नोंद नाही. ३ जुलै रोजी ऑस्ट्रियातील एडलाख या हवा पालटण्याच्या गावी, वयाच्या चौवेचाळिसाव्या वर्षी ते वारले. व्हिएन्नात पित्याशेजारी दफन झाले. अंत्ययात्रेला दूरदूरच्या देशांतून हजारो माणसे आली, त्या गर्दीने व्हिएन्नावासी चकित झाले, कारण ज्या दैनिकात ते नाव रोज वाचीत, त्याने या कार्याचा पत्ताच कधी लागू दिला नव्हता. १९४९ च्या ऑगस्टमध्ये अस्थी येरुशलेमला नेण्यात आल्या.

पाठीमागे राहिलेल्यांची कथा ऐकवत नाही. पत्नी १९०७ साली गेली. हान्सची सुंता वडिलांच्या मृत्यूनंतर अनुयायांनी करविली, तेव्हा तो जाणता मुलगा होता. त्याला इंग्लंडमध्ये शिकविले. जो दोजे व्हावयाचा होता त्याने १९२४ साली बाप्तिस्मा घेतला, पंथ बदलला, तेथेही मन रमले नाही. १९३० च्या सप्टेंबरात बहीण पाउलिना बोर्दो येथे व्यसनाधीन अवस्थेत वारली आणि पाठोपाठ तेथेच हान्सने स्वतःवर गोळी झाडली. धाकटी ट्रूडे १९४३ साली नाझींच्या टेरेझिएनश्टाट छावणीत गेली. तिचा मुलगा स्टेफान, हर्झल यांचा एकुलता नातू, ब्रिटिश सैन्यात अधिकारी होता. आईबापांचा अंत कळल्यावर १९४६ च्या नोव्हेंबरात त्याने वॉशिंग्टनमधील एका पुलावरून उडी टाकली. वंश तेथे संपला.

महाजनकी म्हणजे काय, हे आपल्याकडे देवस्थानच्या कातालोगावरून ठरते. नाव असले की प्रश्न मिटतो. हान्सचे नाव कोणत्या वहीत लिहावे, हे पाऊणशे वर्षे ठरेना. बापाने आपल्या मृत्युपत्रात कुटुंबीयांच्या अस्थीही पुढे आपल्याबरोबर न्याव्यात, अशी इच्छा लिहून ठेवली होती. परंतु धर्मांतर केलेल्या आणि आत्महत्या केलेल्या मुलाला त्या भूमीत जागा द्यावी काय, हा पेच होता. अखेर धर्माधिकाऱ्यांनी संमती दिली आणि २००६ साली पाउलिना व हान्स या दोघांच्या अस्थी बोर्दोहून आणून येरुशलेमला पित्याजवळ ठेवण्यात आल्या. पुढल्या वर्षी नातवाच्याही आणल्या. युलियाच्या अस्थींचा मात्र ठावठिकाणा राहिला नाही.

रोजनिशी १९२२-२३ साली बर्लिनमध्ये तीन खंडांत छापली गेली, ती काही मजकूर गाळून. संपूर्ण पाठ १९६० साली न्यूयॉर्कहून इंग्रजीत पाच खंडांत आला, नाताळचे झाड, प्रशियन सरदारकी आणि १२ जूनचा कागद यांसकट. मूळ वह्या येरुशलेमच्या झायनिस्ट दप्तरखान्यात आहेत. पहिल्या वहीत पुत्राचे अक्षर थांबते आणि काही पानांपुरते वृद्ध पित्याचे सुरू होते.